बिनकाट्याचं गवत

टोमॅटोची कोवळी पानं आत वळायला लागली ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. ओर्तेन्सियाला, म्हणजे घरीदारी सगळे जिला तेन्चा म्हणत तिला, ते पहिल्यांदा दिसलं मंगळवारी सकाळी सातला. सातलाच बादलीची कडी हाताला चटका देत होती. दक्षिण टेक्सासच्या या नदीकाठी एप्रिल म्हणजे उन्हाळाच. मे संपता संपता टोमॅटोला फूल धरत नाही. जे काय पिकायचं ते त्याच्या आधी. तिनं एक पान उलटं करून पाहिलं. मावा नाही, पांढरी माशी नाही. उन्हानं मान टाकली असेल म्हणून तिनं ठिबकचं पाणी अर्धा तास जास्त चालू ठेवलं आणि कांदे उपटायला गेली.

शुक्रवारपर्यंत जिकडे बघावं तिकडे तेच. शेंडे पिळलेले, नवी पानं शेपूच्या पाल्यासारखी बारीक, खोडं जाडसर होऊन वाकडी. घेवड्याचे वेल काठ्या सोडून जमिनीवर वेटोळी करून पडले होते, मिरचीही त्याच वाटेला लागली होती. तेन्चा ओळीच्या मधोमध पसरलेल्या गवतावर मटकन बसली. उठावंसंच वाटेना. बावन्न वर्षांत तिनं गारा पाहिल्या होत्या, नदीचं पाणी घरात शिरलेलं पाहिलं होतं, एका हिवाळ्यात बर्फानं संत्र्याच्या बागा काळ्या पडलेल्या पाहिल्या होत्या. पण अंगात आल्यासारखं उभं पीक पिळवटताना कधी पाहिलं नव्हतं. 

अकराशे झाडं होती टोमॅटोची. झाडं काय, परत लावता येतात. तिला धसका बसला होता तो वेगळ्याच गोष्टीचा. नऊ मेला या तीन एकरांना औषधाचा थेंब न लागता तीन वर्षं पूर्ण होणार होती, आणि तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय सेंद्रिय शेतीचं प्रमाणपत्र मिळत नाही. तिचा नवरा सिप्रियानो बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कपाशीवर पाठीला टाकी बांधून औषधं मारत होता. आता त्याचे हात असे कापत की शर्टाची बटणं तेन्चाला लावावी लागत, सूप प्यायला चमचा धरला तर निम्मं टेबलावर. ही जमीन त्याच्या मावशीकडून आली तेव्हा तीही कपाशीलाच दिलेली होती, आणि तिच्यावरची शेवटची फवारणी सिप्रियानोनंच केली होती. त्या दिवशी तेन्चानं त्याच्या पाठीवरून टाकी उतरवून घेतली, कुऱ्हाडीनं फोडली आणि सांगितलं, आता या मातीत एक थेंब पडणार नाही. पडलाही नव्हता. तीन उन्हाळे तिनं तण हातानं उपटलं, अळ्या बोटांनी चिरडल्या, माती तापू नये म्हणून गुडघ्यांवर रांगत रोपांच्या बुडाशी वाळलं गवत पसरलं. कंबरेतून सरळ उभं राहायचं ती विसरूनच गेली होती.

शनिवारी सकाळी ती मूठभर पानं घेऊन शेजारच्या बेनावीदेसकडे गेली. तो मोठा कपाशीवाला. तिच्या डोक्यात एकच होतं, याच्याच फवाऱ्याचं औषध वाऱ्यानं आपल्या शेतात आलंय. तो ट्रॅक्टरखाली होता, जवळ त्याचे दोन गडी उभे होते. तिनं त्यांच्यादेखतच तोंड सोडलं. बेनावीदेस सरपटत बाहेर आला, हात पुसले, काही न बोलता तिला शेडमध्ये घेऊन गेला. फवाऱ्याच्या लांब नळ्या जाळ्यांनी भरल्या होत्या आणि टाकीच्या तोंडाशी एका पाखरानं घरटं केलं होतं. कालव्याला पाणीच सुटलं नाही, यंदा पेरणीच केली नाही, मग फवारू कशावर, असं तो म्हणाला. गडी हसायला लागले.

"तुमच्या त्या शुद्ध शेताला दृष्ट लागली असेल, दोन्या तेन्चा," तो म्हणाला, बाईसाहेब म्हणावं त्या टोमण्याच्या सुरात. "अंडं उतरवून टाका त्याच्यावरून."

ती पानं मुठीत तशीच धरून परत आली. चूक आपली, त्यामुळे राग कुणावर काढायचा तेही कळेना.

सिप्रियानो बांधावर उभा होता. तो शेतात फार येत नसे. आला की खुर्ची टाकून कांद्याच्या मुळ्या छाटत बसे, तेवढं त्याच्या हातांना जमे. आज तो ओळीओळीनं चालत होता. मक्याशी थांबला. मका कंबरेएवढा, हिरवागार. कांद्याशी थांबला. कांद्याला काही नाही. मग तो पार टोकाला गेला. तिथं टोमॅटोच्या शेवटच्या दोन ओळींना गवत पुरलं नव्हतं, माती उघडीच होती. त्या ओळी उन्हानं मलूल होत्या खऱ्या, पण पानं सपाट होती, शेंडे सरळ होते. त्यानं वाकून शेजारच्या ओळीतलं मूठभर गवत उचललं. मूठ थरथरत होती, काड्या खाली गळत होत्या.

"वाऱ्यानं आलं असतं तर दोन ओळी वगळून आलं नसतं," तो म्हणाला. "हे औषध मला माहीत आहे, तेन्चा. रुंद पानाचं तेवढं मारतं. गवताला काही होत नाही, ते अंगात घेऊन बसतं. वाळलं तरी जात नाही, जनावरानं खाल्लं तर शेणातून तसंच बाहेर येतं."

"हे गवत कोंपाद्रेचं आहे."

"माहीत आहे."

"मग तोंड सांभाळून बोल."

कोंपाद्रे म्हणजे एवारिस्तो. तो आणि तेन्चा एकाच मजूरवस्तीत वाढले, एकाच ओळीत कांदे उपटले, एकमेकांचे केस ओढले, चिखल फेकला. पण तेन्चाच्या मुलीच्या, मारिसेलाच्या बाप्तिस्म्याला तो धर्मपिता झाला, पोरीला हातावर घेऊन पाद्र्यासमोर उभा राहिला, आणि त्या दिवसापासून दोघं एकमेकांना तुम्ही म्हणायला लागली. तो तिला कोमाद्रे म्हणे, ती त्याला कोंपाद्रे. त्यांच्याकडे सख्ख्या भावाला एक वेळ शिवी देता येते. कोंपाद्रेला शंका विचारता येत नाही. त्यानं दिलं की घ्यायचं, तो म्हणाला की खरं. एवारिस्तोचं गुरांचं कुरण होतं, आणि तो तिला तीन वर्षं गवताचे गोल भारे फुकट आणून टाकत होता.

सिप्रियानोनं वाद घातला नाही. त्यानं सहा रिकामे डबे घेतले. तीन डब्यांत अंगणातली साधी माती भरली, उरलेल्या तीन डब्यांत मातीबरोबर ते गवत कुस्करून घातलं, आणि स्वयंपाकघरातल्या घेवड्याचे चार चार दाणे सगळ्यांत लावून डबे धुण्याच्या दगडाखाली सावलीत ठेवले. तेन्चा म्हणाली, काही निघणार नाही. पण दिवसातून चार वेळा जाऊन ती वाकून बघत होती. पाचव्या दिवशी सगळ्या डब्यांत मोड वर आले, सारखेच, टवटवीत. तिनं सिप्रियानोला दोन टोमणे मारले. आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, साध्या मातीतली रोपं दोन पानांवर ताठ उभी होती. गवताच्या तिन्ही डब्यांतली पानं मुठीसारखी आवळून आत गेली होती.

ती बघतच राहिली.  तेवढ्यात दारात ट्रकचा आवाज आला.

एवारिस्तो प्रार्थना आटपून आला होता, दर रविवारी यायचा तसा, कागदात गुंडाळलेलं गाईच्या डोक्याचं वाफवलेलं मांस आणि मक्याच्या गरम भाकऱ्या, तोर्तिया, घेऊन. तेन्चानं पायानं डबे दगडाखाली आत ढकलले. मारिसेलानं कांदा-कोथिंबीर चिरली, चौघं टेबलाशी बसली. एवारिस्तोचं शेताकडे लक्ष गेलं नाही. तो आपल्याच नादात होता. त्यानं तेन्चाचा उजवा हात धरून तळवा उलटा करून पाहिला. मागच्या वसंतात गवतातला देवबाभळीचा काटा त्या हातात आरपार गेला होता, महिनाभर हात भोपळ्यासारखा सुजला होता.

"यंदा लागला का एक तरी काटा?" त्यानं विचारलं.

तेन्चा म्हणाली, नाही.

"लागणार कसा? तुमचा तो हात बघितला आणि मला रात्ररात्र झोप नव्हती, कोमाद्रे. सप्टेंबरात माणूस लावून सगळ्या कुरणावर औषध मारून घेतलं. देवबाभळीचं झुडूप म्हणून ठेवलं नाही. मग कापणी. असलं स्वच्छ गवत कुणाच्या शेतात नसेल."

तो हसत होता. डोळ्यांत कौतुक होतं, स्वतःचंच, पण तेन्चासाठी केलेल्या कामाचं. सिप्रियानोनं हातातला घास ताटात ठेवला. मारिसेला आईकडे बघत होती.  तेन्चाच्या मनात आलं, या माणसानं आपल्या हातासाठी हे केलं. कुणावर ओरडणार? तिनं पदर सावरावा तसा एप्रन सावरला आणि म्हणाली, "छान आहे गवत. एकसुद्धा काटा नाही." आणि त्याच्या ताटात आणखी मांस वाढलं.

तो गेल्यावर तेन्चानं ताटं गोळा केली. शेवटी मारिसेला बोलली. ती सव्वीस वर्षांची, शनिवारच्या बाजारात भाजीच्या टेबलाशी उभी राहणारी तीच. तीन वर्षं गिऱ्हाइकांना "अजून प्रमाणपत्र नाही, पुढच्या वर्षी नक्की" असं सांगून तिची जीभ झिजली होती. तपासणीला बाई शुक्रवारी येणार, ती म्हणाली. तोवर गवत गोळा करून शेडमागे टाकू, टोमॅटो उपटू, रोग आला म्हणून सांगू. उन्हात काय काय होतं, कुणाला कळतंय?

"आणि तो कागद?" ती म्हणाली. "फाइलमधला. गवताचा."

सिप्रियानोनं विचारलं, कसला कागद. मग तेन्चाला सांगावं लागलं. बाहेरून आणलेल्या गवताबद्दल, तीन वर्षं यावर काही फवारलेलं नाही असं देणाऱ्यानं लिहून द्यायचं असतं, खाली त्याची सही. फेब्रुवारीत ती दोनदा तो कागद एप्रनच्या खिशात घालून एवारिस्तोकडे गेली होती. दोन्ही वेळा त्याची बायको कॉफी घेऊन आली, गुराढोरांच्या गोष्टी झाल्या, आणि कागद खिशातच राहिला. कोंपाद्रेपुढे शपथपत्र कसं ठेवायचं? तुमच्या शब्दावर आमचा भरवसा नाही असंच तोंडावर म्हणायचं की. तिसऱ्या दिवशी तिनं याच टेबलाशी बसून त्याचं नाव स्वतःच लिहिलं. आपण खोटं करतोय असं तिच्या मनातही आलं नाही. मागितली असती तर तो सही देणारच होता, मग मागून त्याला लाजवायचं कशाला, एवढाच तिचा हिशेब.

"तू त्याची सही केलीस," सिप्रियानो म्हणाला. विचारलं नाही, नुसतं म्हणाला. बावीस वर्षं विष अंगावर घेतलेला माणूस, पण त्याच्या चेहऱ्यावर एवढी धास्ती तिनं कधी बघितली नव्हती.

सोमवारपासून त्यांनी गवत काढायला घेतलं.  तेन्चा आणि मारिसेला पहाटे गवत ओढायचा लोखंडी काटा घेऊन उतरत, अकराला ऊन असह्य झालं की थांबत, चारला परत. गवत खालून कुजून मातीला चिकटलं होतं. काट्यानं निघेना तिथं नखांनी खरवडायचं. धुळीनं घसा सोलवटला, घामानं डोळे चुरचुरत होते, मनगटांवर पुरळ उठलं. सिप्रियानो ढकलगाडी धरायला आला, पण त्याच्या हातांत ती डगमगून दोनदा उलटली, म्हणून त्याला सावलीत बसवलं. उपटलेली टोमॅटोची झाडं तेन्चानं बांधाशी रचली. काहींना बोराएवढी फळं धरली होती. आपण चोरासारखं आपलंच शेत पुसतोय हे तिला कळत होतं, आणि तरी काटा चालतच होता. तीन वर्षं म्हणजे काय असतं ते तिच्या गुडघ्यांना माहीत होतं. गुरुवारी संध्याकाळी जमीन उघडी पडली, शेडमागे गवताचा घराएवढा ढीग झाला, त्यावर ताडपत्री टाकली.

शुक्रवारी दहाला तपासणीची बाई आली. केस्लर नाव, उंच, उन्हानं नाक लाल झालेली. स्पॅनिश बोलायची ती पुस्तकातल्यासारखी, एक एक शब्द जपून. वाईट बाई नव्हती. कांदे पाहिले, मका पाहिला, मातीत बोटं घालून वास घेतला. टोमॅटो कुठे, विचारलं. रोग आला, उपटले, तेन्चा म्हणाली. बाईनं लिहून घेतलं. जमीन उघडी का ठेवली एवढ्या उन्हात? गवत कमी पडलं, तेन्चा म्हणाली. बाईनं तेही लिहून घेतलं. मग अंगणातल्या टेबलावर फाइल उघडली, पानं उलटली, गवताच्या कागदावर बोट ठेवलं आणि मान हलवली. सगळं बरोबर आहे, अशा अर्थानं. तेन्चानं फाइल मिटायला हात पुढे केला.

आणि फाटकातून एवारिस्तोचा ट्रक आत आला. मागे ट्रेलर, ट्रेलरवर सहा भारे.

"रस्त्यावरून जाताना दिसलं, जमीन सगळी उघडी," तो खाली उतरता उतरता म्हणाला. "म्हटलं कोमाद्रेचं गवत संपलं, सांगायला लाजत असतील."

केस्लरबाईनं भाऱ्यांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि नम्रपणे विचारलं, गवत देणारे एवारिस्तो आपणच का? हा कागद आपला ना? एवारिस्तोनं खिसे चाचपले. चष्मा नव्हता. त्यानं मारिसेलाला सांगितलं, वाच गं पोरी.

मारिसेलानं वाचलं.  मी माझ्या कुरणात गेल्या तीन वर्षांत कुठलंही तणनाशक वा कीटकनाशक फवारलेलं नाही, हे मी खरं सांगतो. खाली नाव, तारीख, सही.

एवारिस्तो ऐकत उभा होता. त्याचं तोंड जरा उघडं राहिलं. त्यानं उघड्या ओळींकडे पाहिलं. मग बांधाशी रचलेल्या टोमॅटोंच्या पिळलेल्या शेंड्यांकडे, मग शेडमागच्या ताडपत्रीकडे. आयुष्य कुरणात गेलेलं. त्याला समजायला वेळ लागला नाही. शेवटी त्यानं तेन्चाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उडालेला त्याला दिसला. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"हो," तो म्हणाला. "माझीच सही आहे."

"आणि हे खरं आहे?" बाईनं विचारलं.

 या माणसाला तेन्चा पन्नास वर्षं ओळखत होती. गाय विकताना तो तिचं वयसुद्धा खरं सांगायचा आणि तोट्यात जायचा. "लिहिलंय तसंच," तो म्हणाला. टोपीची कड त्याच्या बोटांत गोल गोल फिरत होती.

तेन्चाला ते बघवेना.

"खोटं आहे," ती म्हणाली. "सही माझी आहे. त्यांना हा कागद आजच पहिल्यांदा दिसतोय. कुरण फवारलेलं आहे, आणि ते गवत माझ्या सगळ्या शेतात पडलेलं होतं."

मारिसेलानं हातातला कागद टेबलावर ठेवला. केस्लरबाईनं पेनाचं टोपण पुन्हा काढलं. तिलाही धक्का बसला होता, ते तिच्या लाल झालेल्या मानेवर दिसत होतं. गवत कुठल्या दिवशी टाकलं, तिनं विचारलं. सोळा मार्च, तेन्चा म्हणाली. बाईनं फाइलवरची नऊ मे ही तारीख खोडली आणि सोळा मार्चपासून पुढची तीन वर्षं मोजून नवी लिहिली. खोट्या सहीचं आपल्याला वर कळवावं लागेल, ती म्हणाली. नंतर अर्ज तरी घेतील का, हे तिला सांगता येत नव्हतं. निघताना तिनं तेन्चाशी हात मिळवला. का, कोण जाणे.

गाडीची धूळ बसली. ऊन डोक्यावर आलं होतं, कुणाला सावलीत जायचं सुचत नव्हतं. एवारिस्तो ट्रेलरच्या कडेवर बसला.

"फेब्रुवारीत तुम्ही दोनदा घरी आलात," तो म्हणाला. "कॉफी घेतलीत, गेलात. तेव्हा होता हा कागद जवळ?"

"होता."

"मग काढायचा होता की."

"तुमचा अपमान झाला असता, कोंपाद्रे."

तो तिच्याकडे बघत राहिला, राग नव्हता, पण ऐकलेलं पटत नाही असं काहीतरी होतं.

"मी सही केली नसती," तो म्हणाला. "वाचून दाखवलं असतंत तर तिथल्या तिथं सांगितलं असतं, कोमाद्रे, हे फवारलेलं आहे, तुमच्या शेताला चालायचं नाही. मला एकदा विचारायचं तरी."

 त्याचा मान राखला म्हणून तेन्चा इतके दिवस स्वतःला शाबासकी देत होती. आणि तो बिचारा कॉफीचा कप हातात धरून समोर बसला होता, विचारलं असतं तर सांगायला तयार. 

सिप्रियानो खुर्चीवरून उठला, शेडमागे गेला आणि कापऱ्या हातांनी ताडपत्रीच्या दोरीची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. एवारिस्तोनं जाऊन ती सोडली. मग त्यानं ट्रेलरवरचे सहा भारे तसेच राहू दिले, भिंतीला टेकवलेला काटा उचलला आणि ढिगातलं गवत त्यांच्यावर टाकायला सुरुवात केली, सगळं परत न्यायला. तेन्चानं दुसरा काटा घेतला आणि त्याच्या शेजारी उभी राहिली. दुपारभर दोघं गवत भरत होती, आणि एकमेकांकडे बघायची दोघांचीही हिंमत होत नव्हती.